उजवीकडचं कोणी वाचत नाही

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे आणि आत्ता माझ्या पुठ्ठ्यावर एक ओला पेला ठेवलेला आहे. पुस्तकावर पाण्याचं भांडं ठेवू नये एवढं तर तुम्हालाही शाळेत शिकवलं असेल. पण ज्यांनी तो ठेवला आहे त्यांचा माझ्यावर फार जीव आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. म्हणून मी गप्प बसतो. तसा मी नेहमीच गप्प असतो म्हणा. माझ्या पोटात हजारो शब्द आहेत आणि स्वतःहून मला त्यांतला एकही उच्चारता येत नाही. कोणी पान उघडेल तेव्हाच माझं तोंड उघडतं, आणि माणसं आपल्याला हवं तेवढंच पान उघडतात.

माझा जन्म झाला तेव्हा शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापत असत. मला लिहिणारे कोशकार हे एक किडकिडीत आणि चिडखोर गृहस्थ होते. त्यांनी अर्धं आयुष्य माझ्यात घातलं. पानावर डावीकडे ठळक अक्षरांत इंग्रजी शब्द आणि उजवीकडे बारीक अक्षरांत आपल्या भाषेतला अर्थ, अशी माझी रचना. काम सुरळीत चाललं होतं, पण एका जागी गाडं अडलं. दारू प्यायलेल्या माणसासाठी इंग्रजांनी इतके शब्द करून ठेवले होते की कोशकारांनी कपाळाला हात लावला. थोडीशी चढली की टिप्सी. सैलावला की मेलो. खुशीत आला की मेरी. चांगलीच चढली की टाइट. लोणच्यासारखा मुरला की पिकल्ड. भिंतीला गिलावा करावा तसा लिंपून निघाला की प्लास्टर्ड. पाय असून नसल्यासारखे झाले की लेगलेस. आणि शिडाचे दोर सुटलेल्या गलबतासारख्या झोकांड्या खायला लागला तर त्याच्यासाठी अख्खं शेपूट, थ्री शीट्स टू द विंड. शिवाय चार जणांनी मिळून पिऊन घातलेल्या धिंगाण्याचे शब्द वेगळेच, स्प्री, बिंज, कॅरूज, रेव्हलरी. सगळे कसे हसरे, गुटगुटीत शब्द. कोणालाही कडेवर घ्यावेसे वाटतील असे.

छापखान्यातला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, एके दिवशी कागद घेऊन कोशकारांपुढे उभा राहिला.

"साहेब, टिप्सी, दारू प्यायलेला. टाइट, दारू प्यायलेला. पिकल्ड, तोही दारू प्यायलेला. अहो, माझे 'दा'चे खिळे संपले की! जरा वेगवेगळं काहीतरी द्या ना. झिंगलेला, तर्र, टल्ली. आपल्याकडे काय दुष्काळ आहे का?"

कोशकारांनी चष्मा काढला. "गंमत त्यांच्या शब्दात आहे, ती डावीकडे राहू दे. उजवीकडे अर्थ द्यायचा असतो. खिळे कमी पडत असतील तर नवे ओतून घ्या."

जुळाऱ्याने खिळे ओतून घेतले. त्या प्रत्येक गुटगुटीत शब्दापुढे, माझ्या पानापानावर, बाकीचे अर्थ असोत-नसोत, शेवटी एकच अर्थ उमटला: दारू प्यायलेला. कोशकारांनी एवढा हट्ट का धरला ते मला ठाऊक नाही. त्यांच्या घरात काय चाललं होतं ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. बांधणीवाल्याने मला जाड दोऱ्याने शिवलं, कण्याला कापड लावलं, त्यावर सोनेरी अक्षरं ठोकली, आणि मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत रवाना झालो.

तिथे परदेशी बातम्यांचं भाषांतर करणाऱ्या माणसाच्या टेबलावर मला जागा मिळाली. या माणसाला मी पुढे घरातल्यांसारखंच 'बाबा' म्हणायला लागलो, तेव्हा तुम्हालाही तसंच सांगतो. बाबा तेव्हा तरुण होते. बोटांना शाई, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि बोलणं असं की चहा देणारासुद्धा किटली हातात धरून ऐकत राहायचा. ते मला फार नीट वापरत. पान उलटताना कोपऱ्याला थुंकी लावत नसत, खूण म्हणून पान दुमडत नसत. ओला हात तर त्यांनी मला कधी लावलाच नाही. मी तुम्हाला खरं सांगतो, पुस्तकाच्या जन्माला येऊन यापेक्षा जास्त काही मागू नये.

शनिवारी रविवारच्या पुरवणीचं शेवटचं पान छपाईला गेलं की खिडकीजवळच्या टेबलावर मैफल बसायची. बाबा, खेळाच्या बातम्या लिहिणारे त्यांचे जिवलग मित्र आणि आणखी दोघं-तिघं. मित्राला सगळी कचेरी 'क्रीडा' म्हणायची, म्हणून बाबांच्या मुलीने पुढे त्यांना क्रीडाकाका केलं आणि त्यांच्या बायकोला ओघानेच क्रीडाकाकू. मैफलीचा नियम बाबांनी घालून दिला होता. पेला भरण्याआधी प्रत्येकाने दारू प्यायलेल्या माणसासाठी एक नवा इंग्रजी शब्द सांगायचा. आधी येऊन गेलेला शब्द चालणार नाही. अडला तर त्याने मला उघडायचं आणि शब्द शोधून मोठ्याने वाचायचा.

"ब्लॉटो!" क्रीडाकाका टेबलावर थाप मारून ओरडायचे. "घ्या, ब्लॉटो! टिपकागदाने शाई प्यावी तसा!"

सगळे खो खो हसायचे. मीही त्या हशात होतो. माझ्या आडव्या-तिडव्या शब्दांचं इतकं कौतुक आणखी कुठे झालं असतं? बाबांनी या शब्दांवर पुरवणीत एक लेख लिहिला. तो वाचून लोकांनी त्यांना रस्त्यात थांबवून हात मिळवले. संपादक स्वतः टेबलापाशी आले, माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "काय खजिना आहे हो तुमच्याकडे!" मी कापडी कण्यापर्यंत फुगलो. मात्र एक गोष्ट तेव्हाही मला खटकायची. सगळे फक्त डावीकडचं वाचत. उजवीकडे काय लिहिलंय ते कोणीच वाचत नसे. वाचायचं कशाला, अर्थ तर सगळ्यांना माहीत होता.

मग बाबा मला घरी नेऊ लागले. कापडी पिशवीत, डब्याच्या शेजारी.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये पडदा, बाहेर अरुंद जिना. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या घरात चमचा पडला तरी इकडे कळायचं. घरात आई होती आणि एक लहान मुलगी. मुलगी जन्मली तेव्हा ठिपक्याएवढी होती, म्हणून बाबांनी तिचं नाव 'अनुस्वार' ठेवलं होतं. खरं नाव शाळेत लावलेलं होतं, पण घरात ते कोणी वापरत नसे.

सुरुवातीला बाबा शनिवारीच पिऊन यायचे. मग बुधवारीही. मग वार मोजण्यात अर्थ उरला नाही. एकदा शेजारीण दारात असताना अनुस्वारने आत ओरडून सांगितलं, "आई, बाबा दारू पिऊन आलेत!" आईचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारीण गेल्यावर तिने दार लावलं आणि बाबांपुढे हात जोडले.

"तुम्हाला काय करायचं ते करा. पण तो शब्द या घरात नको. पोरीच्या तोंडात तर नकोच नको. लोक काय म्हणतील?"

बाबांना तिचं वाईट वाटलं असणार. ते मनाने वाईट कधीच नव्हते. त्यांनी मला पिशवीतून काढलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझ्या आईचं. तो शब्द फार ओंगळ. आपण किनई इंग्रजीत म्हणूया. आपल्याकडे कोश आहे, आपल्याला काय कमी?"

मित्रांनो, त्या दिवसापासून त्या घरात एक रीत पडली. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की अनुस्वार दार उघडायची. बाबांच्या बुटांकडे बघायची, डोळ्यांकडे बघायची आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्या दिवसाचा शब्द सांगायची. ती विसरली की आतून आईच विचारायची, "आज काय गं?"

"मेलो!" म्हटलं की आई गरम गरम वाढायला घ्यायची. "टिप्सी!" म्हटलं की काचेची भांडी उचलून वर ठेवायची. "टाइट!" म्हटलं की रेडिओचा आवाज वाढवायची, म्हणजे शेजारी काही ऐकू जाऊ नये. आणि "लेगलेस!" ऐकलं की हात पुसत जिन्यावर धावायची. मग एक खांदा आई धरायची आणि दुसरा मुलगी. आईला एरवी इंग्रजी येत नव्हतं. दुकानाची पाटीसुद्धा ती मुलीकडून वाचून घ्यायची. पण तिला इंग्रजीचे वीसेक शब्द पाठ होते आणि त्या विसांचाही अर्थ एकच होता.

सुरुवातीला या रीतीचं तिघांना हसू यायचं. बाबा दारात उभं राहून मुलीला म्हणायचे, "ओळख पाहू, आज काय?" आणि तिने बरोबर ओळखलं तर तिला उचलून गरागरा फिरवायचे. शाळेत बाईंनी 'मेरी'चा अर्थ विचारला तेव्हा सगळ्या वर्गात अनुस्वारने एकटीने हात वर केला नाही. अर्थ येत नव्हता म्हणून नव्हे. घरी येऊन तिने मला उघडलं, तो शब्द काढला आणि उजवीकडच्या अर्थांवरून बोट फिरवत आली. आनंदी. उत्सवी. दारू प्यायलेला. तिचं बोट शेवटच्या अर्थावर थांबलं आणि तिथेच राहिलं. आतून आईने हाक मारली तेव्हा तिने मला घाईघाईने मिटलं. माझं उजवीकडचं वाचणारी ती पहिली, आणि तिलाही मिटावंच लागलं.

वर्षं गेली. अनुस्वार बाबांपेक्षा उंच झाली, एका दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर नोकरीला लागली, तरी तिचं नाव अनुस्वारच राहिलं. कचेरीत मात्र बाबांच्या भाषांतरात चुका व्हायला लागल्या. एकदा दोन देशांची नावं अदलाबदल होऊन छापली गेली. संपादक नवे होते, पण सभ्य होते. ते म्हणाले, "तुम्ही थकलात हो. घरूनच काम पाठवत जा." थकलात! बघा, शब्द शोधण्यात कोणीच कमी पडत नाही. थोड्या दिवसांनी काम येणंही थांबलं, आणि बाबा मला पिशवीत घालून कायमचे घरी आले.

तेव्हापासून पेला माझ्यावर यायला लागला. ज्या माणसाने मला कधी ओला हात लावला नाही, त्याच माणसाने हो. खाटेशेजारी दुसरं टेबल नव्हतं, एवढंच कारण. माझ्या पुठ्ठ्यावर एकात एक अडकलेली वर्तुळं उमटली. माझी पानं फुगली, चिकटली, त्यांना वास यायला लागला. आता संध्याकाळची वाट बघावी लागत नव्हती. सकाळी चहाच्या आधी बाबांचे हात थरथरायचे आणि पेला पोटात गेला की थांबायचे. हे आईने पाहिलं होतं, मुलीने पाहिलं होतं आणि मी तर सगळ्यांत जवळून पाहिलं होतं. पण बाहेर कोणी विचारलं तर आई पदर सावरून एकच सांगायची, "अधूनमधून असतं त्यांचं. सोशल."

हा शब्द तिला क्रीडाकाकूंनी शिकवला होता. त्यांच्या घरी तोच चालायचा.

एका दुपारी बाबा दूध आणायला म्हणून उतरले आणि जिन्यात पडले. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. त्यांना गाडीत घालताना त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या, चष्मा आणि मी. म्हणून पुढचं सगळं ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं मला सांगता येतं आहे. सांगता आलं नसतं तर बरं झालं असतं.

रुग्णालयात सहा खाटांची खोली होती. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला माणसं आली होती. तरुण डॉक्टरीण बाई फायली घेऊन आल्या. शस्त्रक्रियेआधी विचारतात तसे प्रश्न त्यांनी विचारले. रक्तदाब? साखर? कसली गोळी चालू आहे? आणि मग, "दारू घेतात का?"

पलीकडची माणसं बोलायची थांबली. निदान आईला तसं वाटलं.

"नाही हो," आई म्हणाली. "म्हणजे... सोशल."

बाबांनी उशीवरूनच हसून हात हलवला. दुखत असतानासुद्धा त्यांचं इंग्रजी इस्त्री केल्यासारखं होतं. "आय गेट मेरी, डॉक्टर. नेव्हर ड्रंक." मी खुशीत येतो, झिंगत कधीच नाही, असा त्याचा सूर. डॉक्टरीण बाईही हसल्या. इतकं सुंदर बोलणारा माणूस सकाळी उठल्या उठल्या पितो असं कोणाच्या मनात येईल? त्यांनी अनुस्वारकडे पाहिलं. अनुस्वार हातातलं एक्स-रेचं पाकीट उलटसुलट करत होती. ती औषधांच्या खिडकीवर बसणारी मुलगी होती. तिला काहीतरी सांगायला हवं हे कळत होतं. तिने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनी नको म्हटलं. जन्मभराची सवय होती ती. अनुस्वारने मान खाली घातली आणि डॉक्टरीण बाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

शस्त्रक्रिया चांगली झाली. हाड नीट बसलं. आई देवाचे आभार मानत होती. मग बाबांचे हात थरथरायला लागले.

आधी हात, मग ओठ. मग घाम. अंगावर चादर ठरेना. त्यांनी सलाईनची नळी उपटून टाकली. आणि मग ते चादर झाडायला लागले, दोन्ही हातांनी, घाबरून.

"अक्षरं आहेत ही," ते म्हणाले. "अगं, अंगावर चढतायत. झाड ना. अनुस्वार, झाड. कानात जातायत माझ्या."

अनुस्वार रिकामी चादर झाडत राहिली. आई रडत तिला म्हणत होती, "झाड गं, नीट झाड."

मी खाटेशेजारच्या कपाटावर पडून होतो आणि मला सगळं कळत होतं. मित्रांनो, माझ्या पोटात त्या दुखण्याचा शब्द आहे. डिलिरियम ट्रेमेन्स. उजवीकडे लिहिलं आहे: 'रोज दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटल्यास येणारा कंप व भ्रम, यात प्राणही जाऊ शकतो.' ते पान कोरं करकरीत आहे. त्यावर वर्तुळ नाही, डाग नाही, बोटाचा ठसा नाही. इतक्या शनिवारी इतक्या जणांनी मला उघडलं, पण त्या पानावर कधी कोणी आलंच नाही, कारण तो शब्द खेळात चालण्यासारखा नव्हता. मी ओरडायचा प्रयत्न केला. कोशाला ओरडता येत नाही.

डॉक्टरांनी ताप पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. भुलीमुळे होतं असं, वय झालं की होतं, जंतू असतील, असं एकेक चाललं होतं. ते चुकत नव्हते. त्यांना जे सांगितलं होतं त्यावर ते चालत होते. शेवटी त्या डॉक्टरीण बाई पुन्हा आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, ताई, नीट आठवून सांगा. घरी रोज काही घेत होते का? झोपेच्या गोळ्या, दारू, काहीही. मी रागावणार नाही."

"सांगितलं ना," आई म्हणाली. "सोशल."

अनुस्वारने तोंड उघडलं. "ते टिप्सी..." ती म्हणाली आणि थांबली. "म्हणजे कधी टाइट... कधी..." तिला रडू फुटलं. तो साधा शब्द तिच्या जिभेला माहीतच नव्हता. लहानपणी एकदाच तो तिने उच्चारला होता आणि आईने हात जोडले होते. तिने खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला.

"दारू," ती म्हणाली. "दारू पितात. रोज. सकाळपासून."

"किती वर्षं?"

"मला कळायला लागल्यापासून."

डॉक्टरीण बाई ताडकन उठल्या. "सिस्टर!" त्यांनी हाक मारली आणि जाता जाता वळून एवढंच म्हणाल्या, "अहो, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं." त्या रागावणार नाही म्हणाल्या होत्या आणि रागावल्या नव्हत्याच. त्याचंच अनुस्वारला जास्त लागलं.

त्याआधीच्या सकाळी बाबांना आकडीचा झटका येऊन गेला होता आणि उलटी छातीत गेली होती. इंजेक्शनांनी थरथर थांबली, अक्षरं चादरीवरून उतरली, पण छाती भरत गेली. एका दुपारी ते थोडे शुद्धीवर आले. ऊन कपाटापर्यंत आलं होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि अगदी जुन्या आवाजात, दारात उभं राहून विचारायचे तसं विचारलं, "ओळख पाहू. आज काय?"

अनुस्वारने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते इतके स्वच्छ तिने कधी पाहिले नव्हते.

"सोबर, बाबा," ती म्हणाली. सोबर म्हणजे न प्यायलेला. तो शब्द त्या घरात तोपर्यंत कोणाला लागला नव्हता.

बाबांच्या ओठांवर हसू आलं. काही शब्दांपुढे आम्ही कोश कंसात एक खूण देतो, ती त्यांना आठवली. "क्वचित वापर," ते म्हणाले.

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी गेले.

भेटायला खूप माणसं आली. मोठा रसिक माणूस होता, म्हणाली. शनिवारच्या मैफलीचा प्राण गेला, म्हणाली. त्यांच्या त्या जुन्या लेखाची आठवण निघाली आणि दोघं-चौघं चक्क हसले. अनुस्वार मला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. तिने ओल्या फडक्याने माझी वर्तुळं पुसून पाहिली. ती जाणारी नव्हती.

सगळे गेल्यावर क्रीडाकाका आले. काकूंनी त्यांचं कोपर धरलं होतं. दारातच त्यांचा तोल गेला आणि ते बुटांच्या ढिगात बसकण मारून रडायला लागले. "माझा ब्लॉटो गेला रे," म्हणाले. मग त्यांना मी दिसलो. "वहिनी, हा कोश मला द्या. एवढीच त्याची आठवण. मी जिवापलीकडे जपेन."

काकू ओशाळून आईला म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हं. दुःखाने जरा मेरी झालेत."

आईने सवयीने मान डोलावली. अनुस्वार मात्र उठली. आवाज चढवला नाही तिने.

"मेरी नाही, काकू. दारू प्यायलेत ते. तुम्ही एकदा म्हणून बघा ना. आम्ही म्हटलं नाही. एकदा तरी म्हणा, मी पाया पडते तुमच्या."

काकूंचा चेहरा आधी लाल झाला आणि मग दगडासारखा झाला. "शिकलेली आहेस ना तू?" त्या म्हणाल्या. "सुतकाच्या घरात असं बोलतात?" आणि त्या नवऱ्याला उठवायला लागल्या.

आईला ते सहन झालं नाही. दारात आलेली माणसं अशी जाताना तिने जन्मात पाहिली नव्हती. ती पुढे झाली, तिने मला मुलीच्या हातांतून काढून घेतलं आणि काकूंच्या पिशवीत घातलं. "राग मानू नका. पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. घेऊन जा तुम्ही, त्यांचीच आठवण आहे."

"आई, नको," अनुस्वार म्हणाली. "आई, निदान हा तरी देऊ नकोस."

"गप बस. आता माणसंही तोडायची का?"

पिशवीचं तोंड मिटताना मला शेवटचं दिसलं ते अनुस्वारचं बोट. ते अजून माझ्या पानात अडकलेलं होतं. आईने ते सोडवलं.

तर असा मी इथे आलो. आत्ता माझ्यावर जो पेला आहे तो क्रीडाकाकांचा आहे. शनिवार आहे. जुन्यांपैकी आणखी एक जण आला आहे आणि खेळ चालू आहे. काका सकाळीही पितात. त्यांचेही हात थरथरतात आणि मग थांबतात. पुढे काय होतं ते मला पाठ आहे. काकू आत आहेत. बाहेर कोणी विचारलं तर त्या काय सांगतात ते तुम्हाला माहीतच आहे.

या घरात काकांची एक नात आहे. नुकतीच वाचायला शिकली आहे. आत्ता ती माझ्यापाशी येऊन बसली आहे. तिने पेला उचलून बाजूला ठेवला, अगदी जपून, आणि मला उघडलं. तिचं बोट डावीकडून खाली चाललं आहे. "टि-प्सी," तिने वाचलं आणि तिला हसू आलं. काकांना तर केवढं कौतुक वाटलं. "अगं, इकडे ये!" त्यांनी आत हाक मारली. "ऐकलंस का? पोरगी काय हुशार आहे बघ!"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी आपली निगा राखा अशी विनंती करतात. मला तसलं काही मागायचं नाही. धूळ बसू दे, पानं फाटू देत, रद्दीत घाला. पण तुमच्या घरात एखाद्या दुखण्याला असं गोंडस नाव पडलं असेल, तर ते घराबाहेर कोणाला तरी साध्या शब्दांत सांगा. शाळेतल्या बाईंना सांगा, मावशीला सांगा, डॉक्टरांना सांगा. घरचे रागावतील. तुमचा हात धरून बोट सोडवतील. तरी सांगा, आणि पहिल्याच दिवशी सांगा.

पोरीचं बोट अजून त्याच ओळीवर आहे. बाळ, हसून झालं असेल तर ते जरा उजवीकडे सरकव. फक्त एक शब्द उजवीकडे.

आतून काकूंनी तिला हाक मारली आहे. ती मला मिटते आहे.